पास दाखव!

(चिपळूण येथील एका स्मृतिव्याख्यानमालेत गुंफलेले दुसरे पुष्प)



१९८४ साली मी पहिल्यांदा पासपोर्ट काढला. धाकटी बहीण मस्कतला होती, तिच्या बाळंतपणासाठी आईला तिकडे पोचवायचं होतं. पासपोर्ट हातात पडला तसा तो दाखवायला मी रात्रशाळेत शिकवणाऱ्या आमच्या सरांकडे गेलो. सरांनी पानं उलटली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. हा पासपोर्ट दक्षिण आफ्रिकेच्या प्रवासाला चालणार नाही, अशा अर्थाची ती ओळ होती. त्या रात्री सरांनी ठरलेला धडा बाजूला ठेवला. वर्गात हॉटेलात कपबशा विसळणारी, लोटे गावच्या कारखान्यांत पाळी करून आलेली पोरं होती. सरांनी त्यांना विचारलं, "सरकारनं आपल्याच माणसांना एका देशात जायला मनाई का केली असेल?" कुणालाच सांगता येईना. मलाही येईना. मग सर दीड तास बोलत राहिले. त्यांच्या नावानं चालणाऱ्या या मालेत बोलायला या म्हणून निरोप आला, तेव्हा दुसरा विषय मनात आलाच नाही.

हा विषय घ्यायला आणखी एक कारण आहे. माझी सगळी नोकरी भूमी अभिलेख खात्यात झाली. फेरफार रजिस्टरमधली एक ओळ बदलली की माणसाच्या पायाखालची जमीन कशी निघून जाते, ते मी जवळून पाहिलं आहे. म्हणून दक्षिण आफ्रिकेचा इतिहास वाचताना माझं लक्ष पुन्हा पुन्हा तिथल्या दफ्तराकडे जातं. वर्णभेदी राजवट म्हटलं की बंदूक, चाबूक आणि पोलिसांचे कुत्रे डोळ्यांसमोर येतात. ते सगळं होतंच. पण ती राजवट रोज सकाळी उठून उभी राहायची ती कचेरीत. अर्ज, दाखले, शिक्के आणि नोंदवह्या यांच्या आधारानं तिनं कोट्यवधी माणसांना त्यांच्याच देशात परकं केलं. आज मला प्रामुख्यानं त्या कागदांबद्दल बोलायचं आहे.

अपार्थाइड हा डच वळणाच्या आफ्रिकान्स भाषेतला शब्द. अर्थ साधा, वेगळेपण. १९४८ साली तो सरकारी धोरण झाला, म्हणून गोष्ट तिथून सुरू करायची पद्धत आहे. मला ती पटत नाही. १८६७ च्या सुमारास किंबर्लीच्या बाजूला हिरे सापडले आणि १८८६ मध्ये जोहान्सबर्गच्या परिसरात सोनं. तिथलं सोनं जमिनीत फार खोल होतं आणि टनभर दगडात अगदी थोडं होतं. ते परवडायचं तर मजूर स्वस्त हवा आणि भरपूर हवा. पण ज्याच्याकडे स्वतःची जमीन आहे, गुरं आहेत, तो माणूस जमिनीच्या पोटात उतरायला कशाला येईल? म्हणून त्याच्या झोपडीवर कर बसवला गेला, आणि तो रोख पैशातच भरायचा असं ठरलं. रोख पैसा मिळत होता तो गोऱ्याच्या खाणीत आणि गोऱ्याच्या शेतावर. घरचा कर्ता माणूस खाणीवरच्या कुंपण घातलेल्या बराकीत राहायला गेला आणि बायकामुलं गावी राहिली. माझं मत असं, की पुढच्या सगळ्या कायद्यांचं मूळ या गरजेत आहे. कातडीच्या रंगाबद्दलचा तिरस्कार जुनाच होता. त्याला कायद्याचं इतकं पक्कं घर बांधून मिळालं, ते स्वस्त मजूर आणि जमीन हवी होती म्हणून.

१९१० मध्ये इंग्रज आणि डच वंशाचे बोअर यांनी मिळून दक्षिण आफ्रिकेचं संघराज्य केलं आणि तीनच वर्षांनी, १९ जून १९१३ रोजी, नेटिव्ह्ज लँड अॅक्ट अमलात आला. माझ्यासारख्या जमिनीच्या दफ्तरात आयुष्य घालवलेल्या माणसाला हा कायदा वाचताना धडकी भरते. देशातली सुमारे ७ टक्के जमीन आफ्रिकी लोकांसाठी राखीव ठरवली गेली. त्या हद्दीबाहेर त्यांनी गोऱ्याकडून जमीन विकत घ्यायची नाही, खंडानंही घ्यायची नाही. १९३६ साली हे प्रमाण वाढवून १३ टक्क्यांच्या आसपास नेण्याचं ठरलं. देशात बहुसंख्य होते ते आफ्रिकीच. ऑरेंज फ्री स्टेट प्रांतात गोऱ्याच्या शेतावर अर्धेलीनं कसणारी हजारो काळी कुटुंबं होती. त्यांच्यापुढे दोनच वाटा राहिल्या: गुरांसकट मालकाचे गडी व्हा, नाही तर चालते व्हा.

सॉल प्लाटये नावाचा एक पत्रकार होता, १९१२ मध्ये ब्लूमफाँटेनला स्थापन झालेल्या आणि पुढं आफ्रिकन नॅशनल काँग्रेस या नावानं ओळखल्या गेलेल्या संस्थेचा पहिला चिटणीस. तो सायकलीवरून त्या भागात फिरला. ऐन थंडीत, गुरंढोरं आणि बाडबिस्तरा घेऊन रस्त्यानं भटकणारी कुटुंबं त्यानं पाहिली. एका कुटुंबाचं तान्हं मूल वाटेत गेलं. त्याला पुरायला आईबापांकडे हातभर जमीन नव्हती. दुसऱ्याच्या जमिनीत, रात्रीच्या काळोखात, कुणाला कळू न देता त्यांनी ते पुरलं. हे प्लाटयेनं लिहून ठेवलं आहे. सरांनी ही हकिकत वर्गात सांगितली तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून बाहेर गेला होता.

इथं आपल्या भागाशी असलेला एक धागा सांगितलाच पाहिजे. या कायद्याच्या आदल्याच वर्षी, ऑक्टोबर १९१२ मध्ये, नामदार गोखले केपटाऊनला उतरले. त्यांचं जन्मगाव कोतळूक, शेजारच्या गुहागर तालुक्यातलं. तिथल्या नाताळ प्रांतात हिंदी मजुरांची करारबद्ध भरती थांबावी म्हणून १९१० मध्ये त्यांनीच कलकत्त्याच्या कायदेमंडळात ठराव आणला होता. करार संपलेल्या हिंदी मजुरांवर तिथं माणशी तीन पौंडांचा वार्षिक कर होता. तो जावा म्हणून ते पंतप्रधान बोथा आणि मंत्री स्मट्स यांना भेटले. कर लवकरच जाईल असं समजून ते परतले. तो गेला नाही. त्यातूनच १९१३ चा मोठा संप आणि सत्याग्रह उभा राहिला, आणि १९१४ मध्ये कर रद्द झाला. या दौऱ्यात गांधीजींनी आग्रह धरला म्हणून गोखले मराठीतून बोलले आणि गांधीजींनी त्यांचं भाषण हिंदुस्थानीत करून सांगितलं. ऐकणाऱ्यांत कोकणी मुसलमान होते. केपटाऊनमध्ये आजही त्यांची वस्ती आहे. त्यांचे वाडवडील आपल्याच खाडीकाठच्या गावांतून गेलेले.

गांधीजींचा लढाही कागदाशीच होता. ऑगस्ट १९०८ मध्ये जोहान्सबर्गच्या हमीदिया मशिदीपुढे हिंदी लोकांनी आपले दोन हजारांवर नोंदणी दाखले एका मोठ्या कढईत जाळले. पण स्पष्ट बोलायचं तर तो लढा हिंदी माणसांपुरता होता. खुद्द आफ्रिकी माणसाच्या गळ्यात पासाची, म्हणजे सतत जवळ बाळगायच्या परवान्याची, दोरी त्याच्याही आधीपासून होती, आणि त्याला बरोबर घेण्याचा विचार आपल्या लोकांनी तेव्हा केला नाही. हे लपवण्यात अर्थ नाही. तिथल्या हिंदी लोकांची काँग्रेस आणि आफ्रिकन काँग्रेस खऱ्या अर्थानं खांद्याला खांदा लावून उभ्या राहिल्या त्या १९५२ च्या कायदेभंगात. तेव्हा आठ हजारांवर लोक तुरुंगात गेले.

मे १९४८ च्या निवडणुकीत डॉ. मलान यांचा नॅशनल पक्ष सत्तेवर आला. त्यांना विरोधकांपेक्षा मतं कमी होती, जागा जास्त मिळाल्या. मतदार जवळजवळ सगळे गोरे. मग कायद्यांची रांग लागली. १९४९ मध्ये मिश्र विवाहांना बंदी. १९५० मध्ये लोकसंख्या नोंदणी कायदा आणि वस्तीवाटप कायदा. १९५३ मध्ये बाकं, बस, पोस्टाच्या खिडक्या, समुद्रकिनारे वेगळे करणारा कायदा, आणि त्याच वर्षी काळ्या मुलांचं शिक्षण वेगळं पाडणारा. त्या शिक्षणाचा शिल्पकार फर्वूर्ट. काळ्या माणसाला गोऱ्या समाजात ठरावीक मजुरीपलीकडे जागा नाही, मग त्याला गणित शिकवून उपयोग काय, असं तो उघड सांगे. १९७५-७६ साली सरकार एका गोऱ्या मुलामागे ६४४ रँड खर्च करत होतं आणि एका आफ्रिकी मुलामागे ४२.

या सगळ्याचा पाया होता तो लोकसंख्या नोंदणीचा. प्रत्येक माणसाची एका वंशगटात नोंद झाली: गोरा, काळा, मिश्रवर्णी, भारतीय. एकदा ती नोंद झाली की कुठं जन्मायचं, शिकायचं, राहायचं, कुणाशी लग्न करायचं आणि कुठं पुरलं जायचं, सगळं त्यावरून ठरे. पण गोरा म्हणजे कोण? कायद्यानं उत्तर दिलं होतं: जो दिसायला उघड गोरा आहे किंवा लोक ज्याला गोरा समजतात तो. म्हणजे मोजमापाचा पट्टा असा काही नव्हताच. मग कारकून नखं बघत, नाक बघत, केसांत पेन्सिल खोचून ती अडकते की घरंगळते ते बघत. एकाच आईची दोन मुलं दोन वेगळ्या गटांत गेल्याची उदाहरणं आहेत. अपिलासाठी मंडळ होतं, आणि दर वर्षी शेकडो लोकांचा वंश बदलल्याचे सरकारी आकडे येत. आम्ही जमिनीच्या नोंदी दुरुस्त करायचो, तशी तिथं माणसं दुरुस्त होत होती. लोखंडाच्या व्यापारासाठी जपानी लोक हवे होते, म्हणून त्यांना मानद गोरे ठरवलं गेलं.

आणि मग पास. १९५२ च्या कायद्याच्या नावातच पास रद्द करण्याची भाषा होती. त्या कायद्यानं सुटे पास गेले आणि त्यांच्या जागी सोळा वर्षांवरच्या प्रत्येक आफ्रिकी माणसाच्या खिशात एक जाड पुस्तक आलं. त्यात फोटो, जमात, कर भरल्याच्या नोंदी, शहरात राहण्याची परवानगी आणि मालकाची दर महिन्याची सही. लोक त्याला डोम्पास म्हणत, म्हणजे मूर्ख पास. परवानगीशिवाय आफ्रिकी माणसाला शहरात ७२ तासांपेक्षा जास्त राहता येत नसे. त्यातून सुटका मुख्यतः तिघांची: जन्मापासून तिथंच राहिलेल्याची, एकाच मालकाकडे सलग दहा वर्षं काम केलेल्याची, किंवा कायदेशीरपणे सलग पंधरा वर्षं तिथं राहिलेल्याची. पोलीस रस्त्यात कुणालाही अडवून म्हणे, पास दाखव. पुस्तक घरी राहिलं, सही राहून गेली, की गाडीत घालत. पासाच्या न्यायालयांत एकेक खटला दोन-चार मिनिटांत निकालात निघे. १९१६ ते १९८४ या काळात पासाच्या कायद्यांखाली एक कोटी सत्तर लाखांवर अटका आणि खटले झाल्याची अभ्यासकांची मोजणी आहे.

पासांविरुद्ध बायका फार आधी उठल्या होत्या. १९१३ मध्येच ब्लूमफाँटेनच्या बायकांनी पास घेण्यास नकार दिला आणि तुरुंगात गेल्या. शार्लट मॅक्सेके त्यांच्या पुढाऱ्यांपैकी. पन्नासच्या दशकात बायकांवर पुन्हा पास लादायचं ठरलं तेव्हा, ९ ऑगस्ट १९५६ रोजी, सुमारे वीस हजार बायका प्रिटोरियाच्या सरकारी सचिवालयावर चालून गेल्या. लिलियन एन्गोयी, हेलन जोसेफ, रहिमा मूसा, सोफिया विल्यम्स पुढं होत्या. कित्येकींच्या पाठीवर मुलं बांधलेली. पंतप्रधान स्ट्रेडम भेटायला आलेच नाहीत. बायकांनी अर्जांचे गठ्ठे दारात ठेवले आणि अर्धा तास वीस हजार जणी एक शब्द न बोलता उभ्या राहिल्या. एवढ्या गर्दीत तान्ही मुलं असताना अर्धा तास शांतता! मी या प्रसंगाशी येतो तेव्हा दर वेळी थांबतो.

२१ मार्च १९६० रोजी शार्पव्हिलला माणसं पास घरी ठेवून पोलीस ठाण्याशी जमली. आमच्याकडे पास नाही, आम्हाला अटक करा, एवढंच त्यांचं म्हणणं. पोलिसांनी गोळीबार केला. ६९ माणसं मेली, त्यांतल्या बऱ्याच जणांना गोळ्या पाठीत लागल्या होत्या. काही दिवसांतच आफ्रिकन काँग्रेसचे अध्यक्ष आल्बर्ट लुथुली यांनी आपला पास जाहीरपणे जाळला, पाठोपाठ मंडेलांनी. सरकारनं पासांची सक्ती थोडे दिवस स्थगित केली, मग पुन्हा लागू केली आणि आफ्रिकन काँग्रेससह प्रमुख आफ्रिकी संघटनांवर बंदी घातली. रिव्होनियाचा खटला, जून १९६४ मधली जन्मठेप, रॉबेन बेट, हे आपण सगळे जाणतो. त्यात मी वेळ घेत नाही.

जमिनीचा भाग मात्र पुढं न्यायला हवा. ११ फेब्रुवारी १९६६ रोजी केपटाऊनमधला डिस्ट्रिक्ट सिक्स हा भाग राजपत्रात गोरी वस्ती म्हणून जाहीर झाला. तिथली साठ हजारांच्या आसपास माणसं हळूहळू शहराबाहेरच्या रेताड सपाटीवर नेऊन टाकली. घरं बुलडोझरनं पाडली, मशिदी आणि चर्च तेवढी उभी राहिली. देशभरात १९६० ते १९८३ या काळात सुमारे ३५ लाख माणसं अशी उचलून हलवली गेली. ट्रान्सकाय, बोफुथात्स्वाना असे दहा तुकडे पाडून आफ्रिकी माणसाला तिथला नागरिक ठरवायचं, म्हणजे तो दक्षिण आफ्रिकेचा नागरिक उरतच नाही, असा हा हिशेब. चार तुकड्यांना स्वतंत्र देशही म्हणून टाकलं. जगातल्या दुसऱ्या कुठल्याही देशानं ते मानलं नाही.

ही राजवट कोसळली कशी? एका कारणानं कोसळली असं म्हणणाऱ्यावर माझा विश्वास नाही. जून १९७६ मध्ये सोवेटोची शाळकरी पोरं आफ्रिकान्सच्या सक्तीविरुद्ध रस्त्यावर आली आणि गोळ्यांना सामोरी गेली. अंगोलात लढाईचा खर्च वाढत गेला. बाहेरून बहिष्कार होता. भारतानं १९४६ मध्येच व्यापार तोडला होता, आणि त्याच वर्षी विजयालक्ष्मी पंडितांनी हा प्रश्न संयुक्त राष्ट्रांत लढवला. १९७४ मध्ये डेव्हिस कपची दक्षिण आफ्रिकेविरुद्धची अंतिम लढत न खेळता आपण सोडून दिली. १९८५ मध्ये परदेशी बँकांनी कर्जांची मुदत वाढवायला नकार दिला आणि रँड घसरला. या सगळ्यांचा वाटा आहे. पण खोलवरचं कारण मला असं वाटतं, की राजवटीला जी माणसं शहरात नको होती त्यांच्यावाचून शहर एक दिवस चालत नव्हतं. १९७३ च्या सुरुवातीला दरबानमध्ये एका विटांच्या कारखान्यातले मजूर काम टाकून बाहेर पडले आणि तीन महिन्यांत लाखभर कामगार संपात उतरले. ज्याला परका ठरवलं तोच यंत्रावर होता. नंतर कारखानदारांनाच कुशल, कायम राहणारा कामगार हवा झाला.

त्यात एक लहानसा खटला मला फार महत्त्वाचा वाटतो. जर्मिस्टनमधला एक यंत्रकामगार एकाच मालकाकडे दहा वर्षं कामाला होता. पण कचेरी त्याला दर वर्षी गावी पाठवून नवा करार करायला लावी, आणि म्हणे की दर वर्षी नोकरी तुटली, तेव्हा सलग दहा वर्षं झालीच नाहीत. काळा पट्टा अंगावर घेऊन मूकपणे उभ्या राहणाऱ्या गोऱ्या बायकांची ब्लॅक सॅश नावाची संघटना होती. अशा माणसांचे कागद वाचून, अर्ज लिहून देणारी सल्लाकेंद्रं त्या बायका वर्षानुवर्षं चालवत होत्या. अशाच धडपडीत वकील पुढं आले. आर्थर चॅस्कलसन यांच्या लीगल रिसोर्सेस सेंटरनं हा खटला लढवला आणि १९८३ मध्ये सर्वोच्च अपील न्यायालयानं सांगितलं, ही नोकरी सलगच आहे. कचेरीनं रचलेली खोटी रेघ त्या एका निकालानं पुसली. हजारो कामगारांना शहरात कुटुंबासह राहण्याचा हक्क मिळाला. तीन वर्षांनी, १९८६ मध्ये, पासाचा कायदाच गेला, कारण तो मोडणाऱ्यांना आवरणं अशक्य झालं होतं.

पुढचं झपाट्यानं झालं. २ फेब्रुवारी १९९० ला राष्ट्राध्यक्ष डी क्लार्क यांनी आफ्रिकी संघटनांवरची बंदी उठवली, ११ तारखेला मंडेला सुटले. जून १९९१ मध्ये लोकसंख्या नोंदणी कायदा, वस्तीवाटप आणि जमिनीचे कायदे रद्द झाले. २७ एप्रिल १९९४ रोजी लोक मैलोन्मैल रांगा लावून मतदानाला उभे राहिले. चाळीस वर्षं माणसागणिक नोंद ठेवणाऱ्या त्या देशात या निवडणुकीसाठी मतदारयादीच नव्हती. बोटावर न दिसणारी शाई लावायची आणि दिव्याखाली तपासायची, एवढ्यावर निवडणूक पार पडली. चॅस्कलसन नव्या घटना न्यायालयाचे पहिले अध्यक्ष झाले. पुढं ते न्यायालय जोहान्सबर्गच्या जुन्या किल्ल्यातल्या तुरुंगाच्या जागी उभं राहिलं. त्या तुरुंगात गांधी आणि मंडेला दोघांनाही ठेवलेलं होतं. कच्च्या कैद्यांच्या बराकीच्या विटा काढून त्या न्यायालयाच्या भिंतीत बसवल्या आहेत.

इथं थांबलो असतो तर तुम्ही समाधानानं घरी गेला असता. पण मी जमिनीच्या खात्यातला माणूस आहे, मला शेवटी सातबारा बघायची सवय आहे. १९९४ मध्येच जमीन परत देण्याचा कायदा झाला. १९ जून १९१३ नंतर ज्याची जमीन वंशभेदाच्या कायद्यांनी गेली, त्यानं दावा करावा. सुमारे ८० हजार दावे आले. मालकीचा कागद ज्याच्याकडे कधी होऊच दिला नव्हता, त्यानं जमीन आपली होती हे सिद्ध करायचं कसं? म्हाताऱ्यांच्या आठवणी, पूर्वजांच्या थडग्यांच्या जागा, चर्चमधल्या नोंदी यांवर सगळं येऊन ठेपलं. डिस्ट्रिक्ट सिक्सच्या परत आलेल्या पहिल्या दोन वृद्धांच्या हातात खुद्द मंडेलांनी २००४ मध्ये किल्ल्या दिल्या, वस्ती उठवण्याचं फर्मान निघाल्याला तेव्हा अडतीस वर्षं झाली होती. पाच वर्षांत ३० टक्के शेतजमीन वाटायची असं नव्या सरकारनं ठरवलं होतं. ते झालं नाही.

पुढं तिथल्या सरकारनं जमिनीच्या मालकीची पाहणी केली, तिचा अहवाल २०१७ सालचा आहे. व्यक्तींच्या नावावर असलेल्या शेतजमिनीपैकी ७२ टक्के गोऱ्यांच्या नावावर होती, आणि आफ्रिकी माणसांच्या नावावर ४ टक्के.